जखमेवरची पट्टी : केळीचे पान, संत्र्याची साल आणि आपला कापूस
(शेतकरी बंधूंसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात गिरड, जिल्हा वर्धा येथील कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



आज मी बियाण्यावर बोलणार नाही, खतावरही नाही. आज बोलायचे आहे ते जखमेवर बांधायच्या पट्टीबद्दल. तुम्ही म्हणाल, हे तर डॉक्टरांचे काम. शेतीखात्याच्या माणसाने यात कशाला पडावे? बरोबर आहे. पण या पट्टीचा कच्चा माल आपल्या वावरातला आहे, आणि जखमही बहुतेक वेळा वावरातच होते. दुसरे कारण माझे स्वतःचे आहे, ते आधी सांगून टाकतो.

गिरडच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी आटोपली होती. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग घातला होता आणि नेहमीप्रमाणे तो पेटवून दिला होता. पऱ्हाटी जाळू नका, तिचा बारीक चुरा करून कंपोस्ट करा, हे मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी धूर निघतो, ते असो. वारा फिरला आणि कामावरच्या एका बाईच्या लुगड्याचा काठ पेटला. आग लवकर विझवली, पण पोटरीपासून घोट्यापर्यंत पाय भाजला. कातडी काही ठिकाणी फोडासारखी उठली होती, काही ठिकाणी सोलून निघाली होती. मी शेजारच्याच वावरात होतो, धावत गेलो. कोणी राख आणा म्हणत होते, कोणी म्हणे दंतमंजन लावा. मी सगळ्यांना थांबवले. आणि काय केले? घरातून नुकताच वेचलेला पांढरा स्वच्छ कापूस मागवला, जखमेवर दाबला आणि चिंधीने बांधून दिले. मला वाटले, मी शहाणपणाचे काम केले.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला, तेव्हा त्या मावशींना दवाखान्यात नेले. मी बरोबर होतो. कापूस सुटेना. जखमेतून जे पाणी पाझरते ते कापसाच्या तंतूंत वाळून घट्ट झाले होते. सिस्टरबाई मिठाचे पाणी सोडत होत्या आणि चिमट्याने एकेक तंतू काढीत होत्या. तंतूबरोबर नवी येऊ घातलेली कातडीही निघत होती. मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी माझे मनगट धरून ठेवले होते आणि मधेच म्हणाल्या, "साहेब, आपलाच कापूस जी, अन् आपल्यालेच असा डसला."

मी कृषीचा पदवीधर. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो आणि त्यामुळे तो पाणी शोषत नाही, हे मी परीक्षेत लिहिले होते. दवाखान्यात जो कापूस असतो तो सोड्याच्या पाण्यात शिजवून मेण काढलेला, रंग काढून पांढरा केलेला आणि शेवटी निर्जंतुक केलेला असतो. आपल्या घरातल्या कापसावर धूळ असते, पालापाचोळ्याचे कण असतात, फवारणीचा अंश असतो. आणि तो दवाखान्याचा कापूससुद्धा उघड्या जखमेवर थेट ठेवीत नाहीत, जखम पुसायला वापरतात किंवा जाळीच्या कापडावर वरून ठेवतात, हे मला सिस्टरबाईंनी त्या दिवशी सांगितले. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून हे मला माहीत नव्हते. म्हणून मी चौकशी करू लागलो, की जखमेला न चिकटणारे आवरण असते तरी कसले. त्या चौकशीत जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे समजूत अशी, की जखम उघडी ठेवावी, वारा लागावा, खपली धरावी. बोटाला खरचटले तर एवढ्याने भागते. पण मोठ्या जखमेचे तसे नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर एक साधा प्रयोग केला. सारख्या लहान जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावला. पडद्याखालच्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण समजायला सोपे आहे. नवी कातडी जखमेच्या कडेकडून आत सरकत येते. ओल असेल तर ती वरच्यावर सरकते, आणि खपली धरली असेल तर खपलीच्या खालून वाट काढीत जावे लागते. ओल धरलेल्या जमिनीत बी उगवते आणि पापुद्रा धरलेल्या जमिनीत कोंब अडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा चांगल्या पट्टीचे काम असे : जखमेची ओल राखायची, पण जखम पाण्यात बुडल्यासारखी ठेवायची नाही. जंतू आणि धूळ बाहेर ठेवायची. आणि काढताना चिकटायचे नाही. असली पट्टी कारखान्यात होते, बाजारात मिळते, पण महाग पडते. भाजलेल्या माणसाला ती एकदा नव्हे, आठवडेच्या आठवडे लागते. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर गरीब घर नुसत्या पट्ट्यांच्या खर्चाने खाली बसते.

हा खर्च कसा वाचवावा, याचा विचार मुंबईच्या डॉक्टरांनी फार पूर्वीच सुरू केला होता, आणि तोही स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून. परळला लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. तिथे डॉ. केसवानी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी करून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर वापरली, आणि १९८५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. बटाट्याची साल ही त्या बटाट्याची कातडीच. आतली ओल बाहेर जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली. साल उकडून, जाळीच्या कापडावर एकीशेजारी एक लावून, निर्जंतुक करून ती जखमेवर ठेवायची. साल जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना मूल किंचाळत नाही. ज्यांनी भाजलेल्या लेकराची पट्टी बदलताना पाहिली आहे, त्यांना याची किंमत कळेल.

पण साली काढायच्या, जुळवायच्या, हे वेळखाऊ काम. मग मुंबईतच, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. पान धुऊन, मधला दांडा काढून, पट्टीच्या कापडावर बसवायचे, त्याची गुंडाळी करायची आणि वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची. केळीच्या पानाचे गुण आपण रोज पाहतो. पंगतीला पानावर वरण वाढले तरी पान भिजत नाही आणि भात चिकटून बसत नाही. पानाच्या अंगावर मेणाचा जो थर आहे त्याचा हा प्रताप. गंमत पाहा, कच्च्या कापसाला नडते तेही मेण आणि केळीच्या पानाला तारते तेही मेणच. कापसाचे तंतू सुटे असतात, जखमेत रुततात. पान सलग आणि गुळगुळीत असते, रुतत नाही.

या पानाची आणि बटाट्याच्या सालीची तुलना करून डॉ. गोरे यांनी २००३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जखम भरण्याच्या आणि रुग्णाच्या आरामाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच उतरल्या, पण केळीच्या पानाची पट्टी करायला सोपी आणि अकरा पटींनी स्वस्त पडली. दुसऱ्या ठिकाणी बसवण्यासाठी मांडीची कातडी काढतात, त्या मांडीच्या जखमेवरही त्यांनी हे पान वापरून पाहिले. तिथे रोजची व्हॅसलीनची जाळी आणि हे पान अशी तुलना होती. पान काढताना दुखत नाही, हा अनुभव तिथेही आला.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट ऐका, कारण घोटाळा इथेच होतो. केळीच्या पानात जखम भरणारे औषध आहे, असे यातून निघत नाही. पान हे झाकण आहे. जखम शरीर भरते. झाकणाने त्याला आडकाठी करायची नाही, एवढेच झाकणाचे काम. आणि ते पान झाडावरून तोडून तसेच लावलेले नव्हते. दवाखान्यात ते वाफेच्या दाबाच्या भांड्यात ठेवून निर्जंतुक केलेले होते. वाफेचा दाब, सुमारे १२१ अंश उष्णता आणि ठरलेला वेळ, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच जंतू मरतात. धनुर्वाताच्या जंतूचे बीज तर साध्या उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, आणि ते बीज असते कुठे? मातीत आणि शेणात. म्हणजे आपल्या गोठ्यात, आपल्या वावरात, आपल्या केळीच्या बुंध्याशी. त्यातून केळीवर करपा येतो म्हणून बुरशीनाशक मारलेले असते, तेही पानावर असते. तेव्हा कुठे वाचले, कुठे ऐकले म्हणून परसातले पान तोडून भाजल्यावर चिकटवू नका. बटाट्याची साल नको, कोरफडीचा गरही नको.

मग फिल्म म्हणजे काय, ते सांगतो. हल्ली मोबाईलवर याच्या चित्रफिती येतात. संत्र्याच्या सालीपासून, कापसाच्या टाकाऊ भागापासून पारदर्शक कागदासारखी पातळ पट्टी करतात आणि ती जखमेवर लावतात, वापरून झाल्यावर मातीत कुजते, असे त्यात दाखवतात. हे खोटे नाही. यामागचे शास्त्र पक्के आहे.

संत्रा सोलल्यावर सालीच्या आतून जो पांढरा मऊ भाग दिसतो, त्यात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. मुरंबा आणि जेली घट्ट होतात त्या यानेच. वाळलेल्या लिंबूवर्गीय सालीत पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त पेक्टिन निघू शकतो. मोसंबीची साल जाड, तिच्यात पांढरा भाग भरपूर. आपल्या नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल, तिच्यात तो त्या मानाने कमी. साल आंबट केलेल्या गरम पाण्यात शिजवायची, गाळायची, मग त्या पाण्यात अल्कोहोल घातले की पेक्टिन गोळा होऊन वर येतो. तो सुकवून पूड करतात. कारंजा, आष्टी या आपल्या जिल्ह्यातल्या संत्रापट्ट्यात ही साल ढिगाने पडते, हे तुम्ही जाणता.

पुढची कृती ऐकून आमच्या बायांना हसू येईल, कारण ती त्यांना येते. आंब्याचा रस ताटाला तूप लावून पातळ पसरतात आणि उन्हात वाळवून त्याची पोळी काढतात ना? तसेच पेक्टिन पाण्यात विरघळवून सपाट ताटलीत ओततात आणि हळूहळू वाळवतात. पातळ पापुद्रा निघतो. तो नुसता पेक्टिनचा असेल तर कडकडीत होतो, वाकवला की तुटतो. म्हणून त्यात थोडे ग्लिसरीन घालतात, मग तो लवचीक राहतो. पण जखमेच्या पाण्याने तो विरघळून चिखल होतो, ही दुसरी अडचण. त्यावर उपाय म्हणून कॅल्शियमच्या क्षाराच्या पाण्यातून काढतात, त्याने तो पक्का होतो. तरी एकट्या पेक्टिनने भागत नाही, त्याला धाग्याचा आधार लागतो. घर बांधताना मातीत तनस मिसळतो तसा. तो आधार सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हटले की आपला कापूस आला.

कापसाचा तंतू म्हणजे शंभरात नव्वदाच्या वर सेल्युलोजच. पण त्यासाठी चांगली रुई कोण खर्च करील? जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी बारीक लव उरते ती तेलगिरणीत वेगळी काढतात. त्या लवेपासून शुद्ध सेल्युलोज मिळतो. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, १९२४ साली निघालेली. तिचे जिनिंगचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरात आहे. या संस्थेने कापसाच्या असल्या दुय्यम मालापासून अतिसूक्ष्म सेल्युलोज तयार करण्यावर काम केले आहे, आणि पऱ्हाटीपासून फळ्या करण्याचे तंत्रही तिथलेच. धुऱ्यावर आपण जे पेटवतो ते हे.

आणि हे काही उद्याचे स्वप्न नाही. दवाखान्यात ओल्या जखमांवर जी जाडसर, त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावतात, जखमेचे पाणी पिऊन जिचा जेलीसारखा गर होतो, तिच्यात पेक्टिन आणि सेल्युलोजचाच एक प्रकार कित्येक वर्षांपासून घालतात. म्हणजे फळाची साल आणि झाडाचा धागा जखमेपर्यंत केव्हाच पोचलेला आहे. नव्या प्रयोगांत धडपड आहे ती अशी, की यातले पेट्रोलियमपासून केलेले भाग वगळून सगळीच पट्टी कुजणारी करता येईल का, आणि ती स्वस्त पडेल का.

मागे गिरडच्या आठवडी बाजारात एक तरुण शेतकरी भेटला. शिकलेला मुलगा, घरी सात-आठ एकर, कर्जही आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, संत्र्याच्या सालीची पट्टी करायची मशीन देतात जी. पैसे आपण भरायचे, माल तेच परत घेतात. बैलजोडी विकून टाकू म्हणतो." त्याच्या मोबाईलवर सगळे होते. चकचकीत फिल्म, हातमोजे घातलेला माणूस, महिन्याचा हिशेब.

मी त्याला जे सांगितले ते तुम्हालाही सांगतो. फिल्म करणे अवघड नाही, ते आताच ऐकले. अवघड आहे ते पुढचे. जखमेवर लावायची वस्तू कायद्याने वैद्यकीय उपकरणात मोडते. २०१७ सालचे त्याचे नियम आहेत, आणि परवान्याशिवाय ती विकण्यासाठी बनवता येत नाही. परवाना मिळवायचा तर प्रत्येक घाणा सारखा निघतो हे दाखवावे लागते. फिल्म किती ओढली की तुटते, किती पाणी पिते, किती वाफ बाहेर जाऊ देते, कातडीला खाज आणते का, निर्जंतुक केल्यावर तिचे गुण टिकतात का, हे सगळे तपासावे लागते. शेवटची परीक्षा फार मुलखाची. आंबापोळी कुकरात ठेवून पाहा म्हणजे कळेल! उष्णतेने फिल्म विरघळते किंवा पिवळी पडून ठिसूळ होते, म्हणून किरणांनी किंवा वायूने निर्जंतुक करावी लागते, आणि ती सोय गावात नाही. मी त्या मुलाला म्हटले, "भाऊ, तो मशीनवाला परवान्याची प्रत दाखवतो का? माल परत घेण्याचा करार त्याने स्टँपपेपरवर लिहून दिला आहे का? आणि याआधी ज्यांनी मशीन घेतली अशा दोन शेतकऱ्यांच्या घरी तुला नेतो का?" त्याने फोन लावला. परवान्याचे नाव काढताच समोरून, नंतर बोलतो, असे उत्तर आले. बैलजोडी अजून त्याच्या गोठ्यात आहे.

याचा अर्थ गावाने यात पडूच नये असा नाही. पण आपला वाटा कुठला ते ओळखावे. स्वच्छ वेचलेला, कचरा नसलेला कापूस जिनिंगला गेला तर त्याची लवही स्वच्छ निघते. संत्र्याची साल विकायची तर आधी घेणारा शोधावा, मग वाळवावी, आणि ती बुरशी न धरता वाळली तरच तिला मोल आहे. घेणारा नसेल तर सालीचे कंपोस्ट बरे. शेतकरी उत्पादक कंपनी असेल आणि तिला हा धंदा खरोखर करायचा असेल, तर तिने आधी संशोधन संस्थेशी आणि अन्न व औषध प्रशासनाशी बोलावे, मशीनवाल्याशी सगळ्यात शेवटी.

कुजणाऱ्या पट्टीबद्दल अजून एक. ती कुजते हे खरे, पण वापरलेली पट्टी ही जखमेची घाण घेऊन आलेली असते. ती उकिरड्यावर टाकली तर कुत्रे ओढून नेते, खताच्या खड्ड्यात टाकली तर तेच खत उद्या उघड्या हातांनी आपण फेकणार. दवाखान्यात असला कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा ठेवून जाळायला पाठवतात. घरी पट्टी बदलत असाल तर जुनी पट्टी कागदात गुंडाळून ठेवा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना बरोबर न्या. सिस्टरबाई रागावणार नाहीत, उलट कौतुक करतील.

आता वावरात माणूस भाजला तर काय करायचे, ते सांगतो. त्या दिवशी मला हे माहीत असते तर मावशींचा पाय इतका चिघळला नसता.

आग विझवली की पहिले औषध पाणी. साधे, स्वच्छ, वाहते पाणी, मोटारीचे किंवा हंड्यातले, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे सोडत राहा. वीस मिनिटे फार वाटतात, पण घड्याळ लावा. बर्फ लावू नका. लहान मूल असेल तर बाकी अंग कोरड्या कापडाने झाकून ठेवा, नाही तर गारठते. पाणी घालता घालताच बांगड्या, जोडवी, पैंजण, करदोडा काढून घ्या, कारण सूज आली की ते काढता येत नाहीत आणि रक्त अडते. कापड जखमेला चिकटले असेल तर ओढू नका, भोवतालचे कापून घ्या. फोड फोडू नका. राख, शेण, माती, हळद, तूप, दंतमंजन, शाई, इंजिनचे तेल यांतले काहीही नको. आणि कापूस नको, तो तर नकोच. जखम स्वच्छ, धुतलेल्या, लव नसलेल्या सुती कापडाने सैल झाकून १०८ नंबरला फोन करा. हात किंवा पाऊल भाजले असेल आणि जवळ कापड नसेल, तर नवी कोरी प्लास्टिकची पिशवी सैल चढवली तरी दवाखान्यापर्यंत चालते. चिकटत नाही. विंटरने डुकराला लावले तेच हे.

तोंड, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, किंवा विजेने भाजले असेल, तर जखम किती का लहान दिसेना, दवाखान्यात गेलेच पाहिजे. विजेची जखम बाहेर बोटभर आणि आत हातभर असते. वीज लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मात्र मोटारीचा पुरवठा बंद करा. धनुर्वाताचे इंजेक्शन विळ्याच्या जखमेलाही घ्यायचे आणि भाजल्यावरही. मागचे कधी घेतले ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. ज्याच्या हातापायाला उघडी जखम आहे त्याने फवारणीला जाऊ नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते आपण विसरलेलो नाही, आणि फुटलेल्या कातडीतून विष अधिकच लवकर आत जाते.

बैलाच्या खांद्याला जू लागून जखम होते, तिलाही हेच लागू. शेण थापू नका, जुवाखाली गोणपाट घालून तसाच जुंपू नका. विश्रांती द्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. किडे पडेपर्यंत वाट पाहायची कशाला?

मावशींचा पाय भरायला महिन्याच्या वर लागले. कामाचे दिवस बुडाले, ते बुडालेच. भाजलेल्या जागेवर कातडी आली आहे, पण ती गुळगुळीत आणि ताणलेली आहे, उन्हात चुरचुरते म्हणून त्या आता पायाला फडके गुंडाळून निंदायला येतात. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी जुने सुती धोतर फाडून त्याचे हात-हातभर तुकडे केले आहेत. ते साबणाने धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवून, गरम इस्त्री फिरवून एका झाकणाच्या डब्यात घालून ठेवले आहेत. डबा देवळीत आहे, चुलीपासून दूर. हे कापड दवाखान्यातल्यासारखे निर्जंतुक नव्हे, पण गाठोड्यातल्या चिंधीपेक्षा शंभरपट बरे. वापरले नाही तरी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा धुऊन उकळायचे. वेचणीच्या आणि कापणीच्या दिवसांत असा एक डबा वावरातही न्यावा, न्याहारीच्या फडक्याशेजारी. आजूबाजूच्या पाच-सात घरांनी तसे डबे केले आहेत, आणि मावशी ज्याला त्याला बजावतात, "याच्यात रुईचं बोंड ठेवाचं नाही, साहेबाले विचारा."